घरातील शिक्षण आणि दिवसाची शिस्त

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने रात्र आणि दिवस एकामागून एक येणारे केले. दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी माणसाला आपल्या घडीघडीचा हिशेब ठेवायला शिकवले.



जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर थांबणाऱ्या पालकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. कुणी मुलाला हिफ्जसाठी शाळेतून काढलेले असते, कुणाची मुलगी घरीच शिकत असते, कुणी मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांना घरी शिकवू लागले आणि पुढे तीच वाट धरली. हेतू सर्वांचा नेक असतो. पण सहा महिन्यांतच तक्रार सुरू होते. "मौलाना, दिवस हाताला लागत नाही. सकाळ कुठे जाते, दुपार कशी सरते, काही कळत नाही. शाळा होती तेव्हा निदान घंटा तरी होती."

या तक्रारीत सत्य आहे. शाळेची घंटा मुलाचाच नव्हे, तर संपूर्ण घराचा दिवस बांधत असते. ती घंटा काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवले नाही, तर घर मोकळे होत नाही, विस्कळीत होते. म्हणून आजचा विषय साधा आहे, पण हलका नाही. जे कुटुंब मुलांना घरी शिकवते, त्याचा दिनक्रम कसा असावा, आणि त्याबाबत आपला दीन आपल्याला काय शिकवतो, हे आपण पाहू.

ती वेळ आणि तो वेळ

आपल्या मराठी भाषेत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'ती वेळ' म्हणजे ठराविक क्षण, जसे जेवणाची वेळ, गाडीची वेळ. 'तो वेळ' म्हणजे आपल्या हातात असलेला काळ, जो जातो, पुरतो किंवा वाया जातो. आपण सर्वजण 'तो वेळ' पुरत नाही म्हणून रडतो. पण 'ती वेळ' पाळत नाही. जो माणूस ठराविक क्षण पाळत नाही, त्याच्या हातातला काळ वाळूसारखा गळून जातो.

इस्लामने हे दोन्ही अर्थ एकत्र बांधले आहेत. सूरह अस्रमध्ये अल्लाहने काळाची शपथ घेऊन मानव तोट्यात असल्याचे बजावले आणि त्या तोट्यातून वाचणारे कोण, तेही सांगितले. हा झाला 'तो वेळ', आपले भांडवल. आणि सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत नमाज हे श्रद्धावंतांवर ठरलेल्या वेळांशी बांधलेले कर्तव्य असल्याचे फर्मावले. ही झाली 'ती वेळ'. भांडवल जपायचे असेल तर दिवसाला पाच ठिकाणी गाठ मारा, असे जणू आपल्याला शिकवले गेले आहे. शाळेची घंटा गेली म्हणून हळहळणाऱ्या घराने लक्षात ठेवावे, की दिवसातून पाच वेळा अजान होते आणि त्या घंटेला सुटी नसते.

माझी स्वतःची चूक

हे सांगताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही त्याचे हिफ्ज घरीच सुरू केले. माझे स्वतःचे बालपण मदरशाच्या वसतिगृहात गेले. तिथे फजरच्या आधी उठण्यापासून इशानंतर दिवे मालवण्यापर्यंत सर्व काही ठरलेले असे. तीच शिस्त मी दोन खोल्यांच्या घरात आणू पाहिली. एका मोठ्या कागदावर तक्ता आखला, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन पाडले. सबक, सबकपारा, आमोख्ता, गणित, मराठी, इंग्रजी, विज्ञान, उर्दू, सर्व आले. एकही चौकोन रिकामा नव्हता, याचे मला समाधान वाटले. तक्ता भिंतीवर लावला आणि प्रत्येक काम झाले की मुलाने चौकोनात खूण करावी, असे ठरवले.

माझा स्वतःचा बराच वेळ मशिदीत आणि मकतबमध्ये जाई. घरी आलो की मी आधी तक्ता पाहत असे, मग मुलाकडे. सर्व चौकोनांत खुणा दिसल्या की खूश होत असे. दोन महिने असेच गेले. एका संध्याकाळी सहज म्हणून मागच्या पाऱ्यातील एक रुकू ऐकवायला सांगितला, तर त्याला तीन आयतींपुढे जाता येईना. दुसरा विचारला, तोही कच्चा. मी रागावून विचारले, मग या खुणा कशाच्या? तो खाली मान घालून म्हणाला, "अब्बा, चौकोन रिकामा राहिला की तुम्ही रागावता. सबक कच्चा राहिला तर तुम्हाला कळत नाही."

बंधू-भगिनींनो, अल्लाहचे कलाम ज्या छातीत जावे म्हणून मी धडपडत होतो, त्याच छातीला मी खोटे बोलायला शिकवले होते. त्या रात्री माझी पत्नी म्हणाली, "या तक्त्यात मी जेवायला कधी बसायचे, ते लिहिलेले नाही." तिच्या कडेवर तेव्हा आमची लहान मुलगी होती, माझ्या अम्मींचे गुडघे दुखत, आणि मी घरी नसताना तो सारा तक्ता चालवण्याची जबाबदारी तिच्याच डोक्यावर होती. मी तक्ता उतरवला. मुलाची माफी मागितली, पत्नीचीही मागितली. त्यानंतर अनेक दिवस आम्ही दोघे विचार करत होतो, की चुकले कुठे. जी उत्तरे सापडली ती पुस्तकांत आधीपासून होती. मी ती अनेकदा मिंबरवरून सांगितलीही होती. घरात मात्र आणली नव्हती.

पहिले तत्त्व : दिवस नमाजवर बेतावा

आपल्या महाराष्ट्रात सूर्योदयाची वेळ वर्षभरात तासाभराहून अधिक सरकते. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. त्याबरोबर फजरही सरकते. अशा वेळी 'पहाटे पाच ते सहा सबक' असे घड्याळ लावून ठरवले, तर एका ऋतूत ते जमते आणि दुसऱ्या ऋतूत मोडते. पण 'फजरनंतर सबक' असे ठरवले, तर ऋतूबरोबर दिनक्रमही आपोआप सरकतो. कुरआनने सूरह बनी इस्राईलच्या ७८ व्या आयतीत नमाजच्या वेळा सूर्याच्या कलण्याशी, रात्रीच्या अंधाराशी आणि पहाटेशी जोडल्या आहेत. सूर्य गरिबाच्या घरावरही उगवतो. त्याला घड्याळ विकत घ्यावे लागत नाही.

म्हणून घरच्या शिक्षणाचे अर्ध्या तासांचे एकोणीस तुकडे करू नका. पाच नमाजांमुळे दिवसाचे जे भाग पडतात, तेवढे पुरेसे आहेत. प्रत्येक भागाला एकच मुख्य काम द्या. ते काम झाले तर तो भाग सार्थकी लागला असे समजा. मूल लहान असेल तर त्यालाही हे पाठ होते. त्याला पावणेतीन वाजल्याचे कळत नाही, पण जुहर झाल्याचे कळते.

दुसरे तत्त्व : थोडे, पण रोज

हजरत आएशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेली हदीस आपणा सर्वांना माहीत आहे, की अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे नित्य केले जाते, मग ते थोडे का असेना. ही हदीस आपण नफ्ल नमाजसाठी सांगतो, पण अभ्यासासाठी विसरतो. थोडा हिशेब करून पाहा. पंधरा ओळींच्या मुसहफची पाने सुमारे सहाशे. मुलाने रोज फक्त अर्धे पान पक्के केले, शुक्रवारी सुटी घेतली, आजारपण व सणासुदीचे दिवस वजा करून वर्षाला तीनशे सबक धरले, तर चार वर्षांत कुरआन पूर्ण होतो. दहाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा चौदाव्या वर्षी हाफिज असतो. याउलट उत्साहाच्या भरात रोज दोन पाने घेतली, तर दोन महिन्यांत पाच पारे होतात आणि सहाव्या महिन्यात त्यांतला एकही पक्का राहत नाही. ज्या घरांत हिफ्ज मध्येच सुटते, तिथे बहुधा मूल मंद नसते. घर घाईत असते.

हेच गणित, भाषा आणि विज्ञानालाही लागू आहे. रोज एक पान शुद्धलेखन आणि पाच उदाहरणे. जी गोष्ट पाहुणे आलेल्या दिवशीही होऊ शकते, तेवढीच रोजची ठेवा. उरलेली सवड मिळेल तशी करा.

तिसरे तत्त्व : कंटाळा येऊ न देणे

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) दर गुरुवारी लोकांना उपदेश करत. एकाने विनंती केली, की आपण रोज सांगावे. त्यांनी नकार दिला आणि कारण सांगितले, की लोकांना कंटाळा यावा हे मला आवडत नाही. प्रेषितही आम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून वेळ पाहून उपदेश करत असत. ही गोष्ट सहीह बुखारीत आहे. विचार करा, उपदेश करणारे इब्ने मसऊद, ऐकणारे त्या काळचे लोक, विषय अल्लाहचा दीन, तरीही कंटाळ्याची भीती बाळगली गेली. मग आपण दहा वर्षांच्या मुलाला सलग चार तास बसवून ठेवतो आणि तो चुळबुळला की त्याला 'गाफिल' म्हणतो, हे कोणत्या सुन्नतीत बसते?

आपल्या प्रेषितांनी (स.) एका लहान मुलाच्या मेलेल्या चिमुकल्या पक्ष्याची आवर्जून विचारपूस केली होती. ज्यांच्या खांद्यावर संपूर्ण मानवजातीचा भार होता, त्यांना मुलाच्या पक्ष्यासाठी सवड होती. दिनक्रमात खेळासाठी जागा ठेवणे ही मुलावर केलेली मेहरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे.

चौथे तत्त्व : ज्याचा हक्क त्याला

हजरत सलमान (रजि.) यांनी आपले मित्र हजरत अबू दर्दा (रजि.) यांना, जे रात्रभर नमाज आणि दिवसभर रोजा ठेवून घराकडे दुर्लक्ष करत होते, असे समजावले, की तुमच्या पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या जिवाचा हक्क आहे आणि तुमच्या कुटुंबाचाही हक्क आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असे सांगितले. घरातील वेळापत्रक म्हणजे दुसरे काय असते? ज्याचा त्याचा हक्क कागदावर मांडणे, एवढेच.

आणि येथे मला पालकांना एक विशेष आयत स्मरण करून द्यायची आहे. सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने घरातील तीन वेळा सांगितल्या आहेत, जेव्हा अल्पवयीन मुलांनीही परवानगी घेऊन आत यावे. फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विश्रांती घेतली जाते तेव्हा, आणि इशाच्या नमाजनंतर. ही आयत आपण लज्जा व परद्याच्या संदर्भात वाचतो, ते योग्यच आहे. पण तिच्यात घराचा दिनक्रमही आहे. दुपारी विसावा आहे, इशानंतर आराम आहे, आईबापांच्या एकांताची मर्यादा आहे, आणि ती मुलांना शिकवण्याची आज्ञा आहे. जे घर शाळाही आहे, तिथे आई दिवसभर मुलांच्या हाताशी असते. तिला दुपारचा तासभर दार लोटून पडू देणे ही सवलत नव्हे. कुरआनने त्या वेळेला जागा दिली आहे. मुलांना सांगा, जुहरनंतरचा हा तास अम्मीचा. दार वाजवल्याशिवाय आत जायचे नाही, आणि किरकोळ कामासाठी दार वाजवायचेही नाही.

पित्यांना एक प्रश्न. प्रेषित (स.) घरी असताना काय करत, असे हजरत आएशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी निघत. आपण घरी असताना काय करतो? तक्ता तपासतो. मी तेच करत होतो. दिवसाचा एक भाग तरी पित्याने स्वतः शिकवावा, किंवा तो जमत नसेल तर त्या वेळी घरातील काम हाती घ्यावे, म्हणजे आईला शिकवता येईल.

कोकणातील कित्येक घरांत वडील आखातात असतात. त्यांनाही वाटा उचलता येतो. सौदी अरबची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत. आपल्याकडे इशा होते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोनवर मुलाचा आमोख्ता ऐकावा. पैसा महिन्यातून एकदा पाठवता येतो, पण बापाचा आवाज त्याहून लवकर पोहोचायला हवा.

पाचवे तत्त्व : स्मरण द्यावे, सक्तीची घाई नको

मुले सात वर्षांची झाली की त्यांना नमाजचा आदेश द्यावा, असे अबू दाऊदच्या हदीसमध्ये आले आहे. त्याच हदीसमधील दहाव्या वर्षीच्या कडकपणाचे शब्द आपल्याला तोंडपाठ असतात. मधली तीन वर्षे मात्र आपण मोजत नाही. तीन वर्षांत पाच हजारांहून अधिक नमाजा येतात. म्हणजे पाच हजार वेळा प्रेमाने हाक मारल्यानंतर पुढचा विषय निघतो. आणि तोही नमाजविषयी, गणिताच्या उदाहरणांविषयी नव्हे. हजरत आएशा (रजि.) साक्ष देतात, की अल्लाहच्या मार्गातील युद्ध सोडले तर प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने कधी कुणाला मारले नाही, ना स्त्रीला, ना सेवकाला. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे सेवा केली, त्यांना कधी 'उफ' ऐकावे लागले नाही. घरचा शिक्षक होऊ पाहणाऱ्याने आधी हा आरसा समोर ठेवावा.

दिवस कसा दिसेल?

आता प्रत्यक्ष दिवस पाहू. हा आमच्या घराचा आहे. आपण आपल्या परिस्थितीनुसार बदल करावा.

फजर ते न्याहारी : नवा सबक. प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी अशी दुआ केली आहे, आणि ती हदीस सांगणारे सख्र (रजि.) व्यापारी होते, जे आपला माल सकाळीच रवाना करत आणि त्यांना समृद्धी लाभली. मुलाची स्मरणशक्ती या वेळी ताजी असते. या भागात फोन बंद, वर्तमानपत्र बंद. घरातील थोरांनीही आपापली तिलावत याच वेळी करावी, म्हणजे मुलाला आपण एकटेच राबतो आहोत असे वाटत नाही.

न्याहारी ते जुहर : आधी घरकाम, मग शालेय विषय. अंथरूण घडी करणे, पाणी भरणे, भाजी निवडणे हे मुलगा व मुलगी दोघांनी करावे. त्यानंतर गणित आणि भाषा, मध्ये एकदा उठू देऊन. मराठी नीट शिकवा. ज्या भूमीवर राहतो तिची भाषा शुद्ध लिहिता-बोलता येणे ही आपली गरजही आहे आणि शेजाऱ्यांपर्यंत आपले म्हणणे पोहोचवण्याचे साधनही. एखाद्या घरात चार मुले असतील तर सर्वांना वेगवेगळे शिकवत बसू नका. मोठ्याने धाकट्याला काइदा शिकवावा. शिकवणाऱ्याचा धडा पक्का होतो.

जुहर ते अस्र : जेवण, कैलूला, मग शांत वाचन किंवा हस्तकाम. लहान मूल झोपेल, मोठे मूल वाचेल, आई विसावेल.

अस्र ते मगरिब : खेळ. बाहेर, मोकळ्या हवेत, इतर मुलांबरोबर. घरी शिकणाऱ्या मुलाला सोबत्यांची गरज शाळकरी मुलाहून अधिक असते. मगरिबच्या सुमारास मुलांना घरात घ्यावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहेच.

मगरिब ते इशा : सबकपारा आणि आमोख्ता ऐकणे. ऐकणारा पूर्ण लक्ष देऊन ऐकणारा असावा. हे काम शक्यतो पित्याचे. घरात दादी किंवा नानी असतील तर एखादा पैगंबरांचा किस्सा त्यांच्या तोंडून ऐकावा. त्यांनाही आपण घराच्या उपयोगी आहोत असे वाटते.

इशानंतर : जेवण उरले असेल तर ते, आणि झोप. प्रेषितांना (स.) इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे आवडत नसे. ज्या घरात मध्यरात्रीपर्यंत मोबाइलचा उजेड असतो, तिथे फजरचा सबक कच्चाच राहणार. दिनक्रमाची सुरुवात सकाळी होत नाही, आदल्या रात्री होते.

दीन आणि दुनिया यांची शिकवण वेगळ्या खोल्यांत कोंडू नका. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी उभी करा आणि मुलाला तिची सावली मोजायला सांगा. जुहर कधी सुरू होते ते त्याला दिसेल. कोकणातील शाफई घरांत अस्र कधी होते आणि घाटावरील हनफी घरांत कधी, म्हणजे माध्यान्हीची सावली वगळून काठीइतकी सावली झाली की, की दुप्पट झाली की, हेही तो मोजून सांगेल. मे महिन्यात एकदा आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा भर दुपारी सावली नाहीशी होते, ते पाहून त्याला भूगोल कळेल. जकातचा चाळिसावा हिस्सा काढताना शेकडेवारी येते, वारसाहक्काचे वाटे करताना अपूर्णांक येतात. एकाच बैठकीत दोन्ही विषय होतात.

दिवस मोडतो तेव्हा

पाहुणे येतील, ताप येईल, वीज जाईल, घरात मयत होईल. दिवस मोडणारच. सूरह मुज्जम्मिलच्या शेवटच्या आयतीकडे पाहा. रात्रीच्या उपासनेबाबत तिथे सवलत देताना अल्लाहने आजारी, रोजीसाठी प्रवास करणारे आणि त्याच्या मार्गात लढणारे यांचा उल्लेख केला आणि सहज शक्य असेल तेवढे पठण करण्यास सांगितले. ज्याने दिवस निर्माण केला, त्याने दिवसाच्या अडचणीही हिशेबात धरल्या. आपण मात्र धरत नाही. अशा दिवसासाठी आमच्या घरात एक किमान ठरवलेले आहे : पाच नमाजा, एक पान तिलावत, आणि एकमेकांशी खरे बोलणे. एवढे झाले तर दिवस बुडाला असे आम्ही मानत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, त्यामुळे तो कधी परीक्षेच्या दिवसांत येतो, कधी पावसात. त्या महिन्याचा दिनक्रम वेगळा असू द्या. शालेय विषय निम्मे करा, कुरआनचा वाटा वाढवा.

परीक्षेचा धागा तोडू नका

एक इशारा आवश्यक आहे. ६ ते १४ वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुलाला हिफ्जसाठी घरी आणले म्हणजे प्रमाणपत्रांचा प्रश्न मिटला असे समजू नये. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, गुणपत्रके जपून ठेवा. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी प्रवेश घेता येतो. आपल्या राज्य मंडळात १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसण्याची सोय आहे. त्यांच्या अटी व मुदती एक वर्ष आधी विचारून घ्या. चार वर्षांनी हाफिज झालेला मुलगा 'आता पुढे काय' म्हणून दारात उभा राहिला आणि आपल्याकडे कागद नसले, तर ती आपली गफलत ठरेल. आपणा प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी विचारले जाणार आहे. आणि मुलाचे मन घरी रमत नसेल, सहा महिने प्रयत्न करूनही तो कोमेजत असेल, तर त्याला पुन्हा शाळेत पाठवण्यात कमीपणा नाही. दिनक्रम मुलासाठी असतो.

जुम्याचा हिशेब

आमच्या घरात आता तक्ता नाही. शुक्रवारी असरनंतर आम्ही सारे एकत्र बसतो. तीन प्रश्न असतात. या आठवड्यात काय पक्के झाले? काय कच्चे राहिले? कुणाचा हक्क राहून गेला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले देतात, तिसऱ्याचे उत्तर बहुधा मलाच द्यावे लागते. 'कच्चे आहे' असे म्हणणाऱ्यावर कुणी रागवायचे नाही, हा नियम आहे. पहिले काही आठवडे मुलगा गप्प बसत असे. मग एका शुक्रवारी तो स्वतःहून म्हणाला, "अब्बा, सातवा पारा पुन्हा कच्चा झाला आहे." मी अल्हम्दुलिल्लाह म्हटले. पारा कच्चा झाल्याचा आनंद नव्हता; तो आता लपवत नव्हता, याचा होता. सातवा पारा आम्ही पुन्हा सुरुवातीपासून घेतला. त्याला पाच आठवडे लागले.

सूरह ताहामध्ये अल्लाहने आपल्या घरच्यांना नमाजचा आदेश देण्यास आणि स्वतःही तिच्यावर दृढ राहण्यास फर्मावले आहे. आधी घरच्यांना सांगणे, आणि लगेच स्वतः टिकून राहणे. दोन्ही एकाच आयतीत आहे. घरचे शिक्षण म्हणजे नेमके हेच. मुलाचा दिवस बांधायचा असेल तर आधी आपला दिवस बांधावा लागतो. ज्या बापाची फजर जाते, त्याने मुलाचा सबक कोणत्या तोंडाने विचारावा?

आज रात्री इशानंतर आपल्या जोडीदारासोबत बसा. कागद घेऊ नका. फक्त एवढे ठरवा, की उद्या फजरनंतर काय, जुहरनंतर काय, आणि कोणाचा हक्क आजवर राहून गेला. एक आठवडा पाहा, मग पुढचे.

हे अल्लाह, आमच्या सकाळी व संध्याकाळी बरकत दे. आमच्या मुलांच्या छातीत तुझे कलाम आणि त्यांच्या जिभेवर सत्य ठेव. जे पालक थकले आहेत त्यांना बळ दे, जे दूर परदेशी आहेत त्यांची मने त्यांच्या घरांशी जोडून ठेव. आमच्या हातून मुलांवर आणि घरच्यांवर जो अन्याय झाला असेल तो माफ कर, आणि त्यांनाही आम्हाला माफ करण्याची बुद्धी दे. आमीन.